टोकन आधी की वकील आधी?

घराच्या खरेदी-विक्रीसाठी वकील कसा निवडायचा, याबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत. सगळी उत्तरं महाराष्ट्रातल्या कायद्याला आणि कामकाजाच्या पद्धतीला धरून आहेत.

प्रश्न : रिसेलचा टू बीएचके पाहिला आहे. एजंट म्हणतो, ‘आमचे वकील आहेत, दोन्ही पार्ट्यांचं तेच बघतात, तुमची फी वाचेल. उद्या टोकन द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.’ वेगळा वकील खरंच लागतो का? आणि तो शोधायचा कसा?
— एक वाचक, नाशिक

लागतो, आणि तो टोकन देण्याच्या आधी लागतो. पैसे गेल्यावर वकिलाकडे जाणारा माणूस ‘व्यवहार करू का’ हे विचारायला जात नाही, ‘झालेला कसा निभावू’ हे विचारायला जातो. तोवर नाही म्हणायची सोय उरलेली नसते.

दोन्ही बाजूंचा एकच वकील ही सोय नाही, धोका आहे. दस्तातलं प्रत्येक कलम एकाच्या सोयीचं आणि दुसऱ्याच्या गैरसोयीचं असतं : ताबा कधी, उशीर झाला तर दंड किती, सोसायटीची जुनी थकबाकी कोणाची, व्यवहार फिसकटला तर पैसे कधी परत. दोघांसाठी एकच माणूस हे भांडू शकत नाही. एका पक्षकारासाठी काम केलेल्या वकिलाने त्याच प्रकरणात समोरच्या पक्षाचं काम घेऊ नये, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियमही सांगतात. शिवाय एजंटच्या वकिलाला पुढची दहा कामं एजंटकडूनच यायची असतात. टायटलमध्ये, म्हणजे मालकी हक्कात, खोट निघाली तर एजंटची दलाली बुडते. ही खोट तुम्हाला स्पष्ट सांगण्याची अपेक्षा त्याच्याकडून कशी करणार?

वकील मिळकत जिथे आहे तिथलाच पाहा. अलीकडचे इंडेक्स, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या सूची, ऑनलाइन दिसतात, पण जुनी रजिस्टरं दुय्यम निबंधक कार्यालयात बसून पानं उलटूनच पाहावी लागतात. फेरफाराच्या जुन्या नकला तलाठी किंवा तहसील कार्यालयातून काढाव्या लागतात. कुठल्या सर्व्हे नंबरवर कुळाचा वाद आहे आणि कुठल्या लेआउटमध्ये एकच प्लॉट दोघांना विकला गेला आहे, हे तिथे रोज वावरणाऱ्याला ठाऊक असतं.

विचारणा त्या सोसायटीत किंवा आसपास गेल्या दोन-तीन वर्षांत घर घेतलेल्यांकडे करा. ‘वकील चांगला आहे का’ असं विचारू नका. ‘सर्चमध्ये, म्हणजे मिळकतीच्या जुन्या नोंदींच्या तपासणीत, त्यांनी काय काढलं?’ असं विचारा. ज्याने निदान एकदा तरी ‘हे कागद आल्याशिवाय पैसे देऊ नका’ म्हणून गिऱ्हाइकाला थांबवलं, त्याचं नाव लिहून घ्या. जाहिरातींवर जाऊ नका, कारण वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे. फौजदारीत नाव कमावलेला वकीलही या कामाला उपयोगाचा नाही. दस्त आणि दिवाणी काम रोज करणारा हवा.

पहिल्या भेटीत विचारा : किती वर्षांचा सर्च घेणार, कोणकोणत्या कार्यालयांत? मूळ कागद स्वतः पाहणार का? सही आणि सनद (वकिलीचा परवाना) क्रमांकासह लेखी रिपोर्ट देणार का? दस्ताचा मसुदा तुम्ही करणार की समोरच्याचा तपासणार? नोंदणीच्या दिवशी स्वतः येणार की क्लार्कला पाठवणार? या विक्रेत्याचं, बिल्डरचं किंवा एजंटचं काम करता का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना वकील घुटमळला तर नमस्कार करून उठा. सनद क्रमांक ‘एमएएच’, मग आकडा, मग वर्ष असा असतो आणि बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे त्याची खातरजमा करता येते.

फी सरकारने ठरवून दिलेली नाही. सर्च, जाहीर नोटीस, मसुदा आणि नोंदणीची हजेरी यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. वर्तमानपत्राचं बिल आणि सर्चची सरकारी फी त्यात धरली आहे का, तेही विचारा. ‘व्यवहार झाला तरच फी’ म्हणणारा वकील स्वस्त वाटेल, पण व्यवहार व्हावा यातच त्याचा फायदा आहे. निकालावर फी ठरवायला वकिलांना बंदीही आहे.

टोकन द्यावंच लागलं तर रक्कम लहान ठेवा, ती बँकेतूनच द्या आणि इसार पावतीत हे वाक्य घालून घ्या : ‘लिहून घेणार यांच्या वकिलांना सदर मिळकतीचे टायटल निर्वेध व विक्रीयोग्य न आढळल्यास लिहून देणार यांनी इसाराची संपूर्ण रक्कम १५ दिवसांत परत करावयाची आहे.’ यात ‘लिहून घेणार’ म्हणजे तुम्ही आणि ‘लिहून देणार’ म्हणजे विक्रेता. विक्रेता या वाक्याला अडला तर तो का अडतो, हे आधी शोधा.

नवीन बांधकामात रेरा कायदा तुमच्या बाजूने आहे. करारनामा लेखी होऊन नोंदवला जाईपर्यंत प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

प्रश्न : कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील सर्च घेतोच. मग मी वेगळे पैसे का घालायचे?
— एक वाचक, ठाणे

बँकेचा वकील बँकेचं हित बघतो. कर्जाची रक्कम या तारणातून वसूल होईल का, एवढाच त्याचा प्रश्न असतो. पार्किंग नेमकं कुठलं, विक्रेत्याने तोंडी कबूल केलेली गच्ची नकाशात आहे का, ताबा लांबला तर काय, यांच्याशी त्याला देणं-घेणं नसतं. रिपोर्ट बँकेच्या फाइलला लागतो, बऱ्याचदा तुम्हाला दिसतही नाही. आणि हे सगळं तुम्ही टोकन आणि करार उरकल्यावर होतं.

बँकेचा सर्च उपयोगाचा नाही, असं नाही. दोन वेगळ्या नजरा फिरल्या तर चांगलंच. पण तुमचा वकील आधी, बँकेचा नंतर.

विक्रेत्याचं स्वतःचं कर्ज चालू असेल तर मात्र तुमच्या वकिलाशिवाय पाऊल टाकू नका. अशा वेळी मूळ दस्त त्याच्या बँकेत असतात. त्या बँकेकडून थकीत रकमेचं पत्र घ्यायचं, तेवढी रक्कम विक्रेत्याच्या हातात न देता थेट त्या कर्जखात्यात भरायची आणि तसं करारात लिहायचं, ही पद्धत. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. कर्ज देणाऱ्या बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते.

प्रश्न : वकिलांनी चार पानांचा सर्च रिपोर्ट दिला. शेवटी ‘टायटल क्लीअर अँड मार्केटेबल’ लिहिलं आहे. काम नीट झालं की नाही, हे मला कसं कळावं?
— एक वाचक, पुणे

शेवटची ओळ सर्वांत शेवटी वाचा. आधी पहिल्या पानावरचं मिळकतीचं वर्णन घ्या. गाव, सर्व्हे किंवा गट नंबर, शहरात सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर), इमारत, मजला, फ्लॅट नंबर, क्षेत्रफळ. ते विक्रेत्याच्या इंडेक्स टूशी, म्हणजे नोंदणी कार्यालयाने दिलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याशी, बोट ठेवून ताडून पाहा. सर्व्हे नंबरचा हिस्सा चुकला, म्हणजे १२/२ च्या जागी १२/३ पडला, तर पुढचा सगळा सर्च शेजारच्या जमिनीचा झाला.

मग कागदांची यादी. प्रत्येकापुढे ‘मूळ पाहिले’ की ‘छायाप्रत पाहिली’ हे असायला हवं. अनेक कर्जं मूळ दस्त नुसते बँकेत ठेवून घेतलेली असतात, आणि जुन्या व्यवहारांत त्याची नोंद इंडेक्सला सापडतेच असं नाही. त्यामुळे विक्रेता ‘मूळ दस्त गावाकडे आहेत’ म्हणत असेल तर ते गावाहून येईपर्यंत थांबा. हरवले असतील तर पोलिसांतली तक्रार, नोंदणी कार्यालयाची प्रमाणित प्रत आणि वर्तमानपत्रातली नोटीस, तिन्ही हवीत. शिवाय सेरसाईच्या, म्हणजे बँकांकडच्या तारणांच्या केंद्रीय, नोंदवहीत तारण आहे का, हे रिपोर्टमध्ये आलं पाहिजे.

वर्षवार तक्ता हा रिपोर्टचा कणा. साधारण ३० वर्षांचा सर्च घेतात. गहाण सोडवण्याचा दावा लावायला मुदत कायद्याने ३० वर्षांची मुदत दिली आहे, हे त्याचं एक कारण. खऱ्या सर्चमध्ये मधल्या एखाद्या वर्षापुढे ‘पाने फाटलेली’, ‘इंडेक्स तयार नाही’ असे शेरे दिसतात, कारण जुनी रजिस्टरं तशीच आहेत. तीसही वर्षांपुढे एकाच ठशात ‘निरंक’ (काहीच नोंद नाही) दिसलं तर सर्चची सरकारी पावती मागा आणि ती किती वर्षांची आहे, ते पाहा. पुण्यासारख्या शहरात आणखी एक मेख आहे. हवेली तालुक्याची दुय्यम निबंधक कार्यालयं अनेक आहेत आणि दस्त त्यांपैकी कुठेही नोंदवलेला असू शकतो. एकाच कार्यालयाचा सर्च अपुरा.

त्यानंतर साखळी बघा. जमीनमालक, बिल्डर, पहिला खरेदीदार, दुसरा, आजचा विक्रेता : प्रत्येक कडीचा दस्त क्रमांक, तारीख आणि भरलेलं मुद्रांक शुल्क रिपोर्टमध्ये दिसायला हवं. एक जरी कडी नुसत्या नोटरीवर असेल तर मालकी तिथेच तुटते. नोंदणी कायदा १९०८ नुसार शंभर रुपये आणि त्यावरच्या स्थावराची विक्री नोंदवलीच पाहिजे. कुलमुखत्यारपत्रावर झालेली कडी असेल तर मुखत्यारपत्र देणारा दस्ताच्या दिवशी हयात होता का, याचा पुरावा वकिलांनी घेतला का, ते विचारा. माणूस गेला की साधं मुखत्यारपत्र संपतं. नुसतं मुखत्यारपत्र आणि पैशांची पावती म्हणजे विक्री नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

जमिनीचा भाग वकील घाईत उरकतात, आणि मोठे घोळ तिथेच असतात. सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना, भोगवटादार वर्ग-२ (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असल्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अकृषिक आदेश, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स (जमीन आणि इमारतीचं हस्तांतरण) झालं का, हे सगळं रिपोर्टमध्ये हवं. सातबारा महसुली नोंद आहे. तो मालकीचा अखेरचा पुरावा नाही, म्हणून ‘सातबाऱ्यावर नाव आहे’ एवढ्यावर भागत नाही.

जाहीर नोटीस द्या असंच आम्ही सांगू. स्थानिक खपाच्या वर्तमानपत्रात, साधारण १४ दिवसांच्या मुदतीची. कायदा ती मागत नाही, पण उद्या कोणी हक्क सांगत आला तर तुम्ही चौकशी करून घर घेतलं, हे दाखवायला कात्रण कामी येतं. विक्रेत्याच्या नावावर दावा चालू आहे का, तेही ई-कोर्ट या न्यायालयांच्या संकेतस्थळावर पाहायला सांगा.

आता ती शेवटची ओळ. ‘अमुक कागद मिळाल्यास’, ‘तमुक वारसाची संमती घेतल्यास’ अशा अटी घातलेला रिपोर्ट बघून लोक घाबरतात. उलट त्यावर विश्वास ठेवा. वकिलाने तो मन लावून केल्याची ती खूण असते.

आणि नोंदणीच्या दिवशी वकील हजर हवेत ते एका कागदासाठी. दस्ताची माहिती संगणकात भरल्यावर जी प्रत तपासायला देतात, तीच पुढे इंडेक्स टूवर उमटते. फ्लॅट नंबर, क्षेत्र, नावाचं स्पेलिंग, पॅन : एकेक अक्षर तिथे वाचलं नाही तर नंतर विक्रेत्याला पुन्हा बोलावून चूकदुरुस्ती दस्त करावा लागतो. पैसे मिळालेला विक्रेता सहसा लगेच येत नाही.

प्रश्न : मुंबईत सगळे ‘सॉलिसिटर’ लावा म्हणतात. साधा वकील चालत नाही का?
— एक वाचक, डोंबिवली

चालतो. सनदधारक कोणताही वकील हे काम करू शकतो. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना मुंबईत सॉलिसिटर म्हणतात. दस्त आणि टायटल हा त्यांचा परंपरेने हातखंडा, म्हणून नाव मोठं. पुनर्विकास, ट्रस्टची जमीन, जुनी पागडीची इमारत असं गुंतागुंतीचं काम असेल तर जरूर त्यांच्याकडे जा. नोंदणीकृत सोसायटीतल्या सरळ रिसेल फ्लॅटला तुमच्या भागातला जाणता वकील पुरेसा आहे.

प्रश्न : आम्ही विकणारे आहोत. वडिलांचा फ्लॅट, ते गेले, सोसायटीत आईचं नॉमिनेशन होतं. धाकटा भाऊ परदेशात. वकील तर घेणाऱ्याने लावायचा ना?
— एक वाचक, कोल्हापूर

तुम्हाला तो घेणाऱ्याच्याही आधी लागेल. नॉमिनेशनने आई मालक होत नाही. सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा, एवढंच त्यातून ठरतं. मृत्युपत्र नसेल तर आई आणि सगळी मुलं-मुली वारस, लग्न झालेल्या बहिणीसुद्धा. एक तर सगळ्यांनी विक्रीच्या दस्तावर सह्या करायच्या, नाहीतर आधी आईच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवायचं. गिऱ्हाईक आल्यावर हे सुरू केलं तर दोन-तीन महिने जातात आणि गिऱ्हाईकही जातं.

भावाला येता येत नसेल तर मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात करून घ्या, त्यात याच फ्लॅटच्या विक्रीचे अधिकार नेमके लिहा, आणि कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरा. ही मुदत हमखास चुकते. भाऊ करासाठी अनिवासी असेल तर त्याच्या हिश्श्यावर नेहमीची १ टक्का टीडीएस कपात लागू होत नाही, वेगळ्या आणि जास्त दराने कापतात. कमी कपातीचा दाखला हवा असल्यास प्राप्तिकर खात्याकडे करार करण्याआधीच अर्ज करायचा, म्हणून वकिलांसोबत सीएही याच टप्प्यावर हवा.

प्रश्न : वकिलांनी मिळकतीवरचा कर्जाचा बोजा नजरेआड केला, आता फाइलही देत नाहीत. ग्राहक मंचात जाऊ का?
— एक वाचक, सातारा

तिथे दाद मिळणार नाही. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. निष्काळजीपणाबद्दल दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावता येतो. व्यावसायिक गैरवर्तनाची लेखी तक्रार ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे करता येते. तिथे वर्षभरात निर्णय झाला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. दोन्हीकडे तुमची भिस्त सही असलेल्या लेखी रिपोर्टवर आणि फीच्या पावतीवर असेल.

फाइल मात्र लगेच मागा. फी बाकी आहे म्हणून पक्षकाराचे कागद अडवायचा हक्क वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलं आहे. स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, त्यात दिलेल्या कागदांची तारीखवार यादी लिहा आणि सात दिवसांची मुदत द्या. बोजा कोणत्या बँकेचा आणि किती रकमेचा आहे, हे त्याच आठवड्यात दुसऱ्या वकिलाकडून लेखी काढून घ्या. विक्रेत्याने दस्तात ‘मिळकत निर्बोजी आहे’ असं लिहून दिलं असेल तर पहिली नोटीस त्याला जायला हवी.