तुमचं-आमचं : 'कुठं निघालासा?' ला उत्तर काय द्यायचं?

प्रश्न : मी मूळची नागपूरची, लग्न होऊन कोल्हापूरला राजारामपुरीत आले. मी जिना उतरायला लागले की घरमालकीण काकू रोज विचारतात "कुठं निघालासा वहिनी?", दुपारी चार वाजता भाजीवाल्या मावशी "जेवलासा काय?". सगळ्यांना माझा हिशोब कशाला हवाय? खरं सांगायचं की टाळायचं?

उत्तर : ताई, उत्तर द्यायचं, पण खरंच द्यायला पाहिजे असं काही नाही. हा इथला नमस्कार आहे हो. "हितंच, कोपऱ्यापर्यंत" म्हणायचं आणि चालत राहायचं, तोवर काकू परत तांदूळ निवडायला लागलेल्या असतात. तुम्ही थांबून बँकेत चाललेय, केवायसी राहिलंय, मग येताना दवाखाना, असं सगळं सांगत बसलात तर मात्र कुणाला बरं नाही, कधीपासून, कुठल्या डॉक्टरकडं, अशा खऱ्या चौकशा सुरू होतील आणि तासभर जिन्यातच जाईल. आणि तुमच्या नागपूरला तरी काय, भांडी घासताना डोळ्यांनी दिसत असताना "काय करून राहिली?" विचारतातच की! मालवणात "खंय चललंस?" आहेच.

त्यातला "सा" ऐकलात का? पुण्यातल्या "निघालात"चा तो कोल्हापुरी भाऊ आहे, म्हणजे काकू तुम्हाला मान देऊनच विचारतायत. बाहेरच्यांना हा सूर रांगडा वाटतो आणि मान त्यातच असतो हे ध्यानातच येत नाही. अजून एक, जुनी माणसं घरातनं बाहेर पडणाऱ्याला "कुठं" विचारतच नाहीत, अपशकुन मानतात, ती विचारतात "लांब का?". शिवाजी पेठेतली एखादी आजी तुम्हाला "लांब निघालीस व्हय गं?" म्हणाली तर समजा तिनं तुम्हाला घरातलं धरलं. निघताना तुम्ही "जाते" न म्हणता "येते" म्हणायचं, ते तुमच्याकडंही तसंच आहे, ते काय शिकवायला नको.

जेवणाचं म्हणाल तर इथनं निपाणी-बेळगाव काय लांब नाही, आणि कन्नड माणूस पण भेटला की "ऊट आय्ता?" म्हणजे जेवण झालं का हेच विचारतो. तेव्हा मावशींना "व्हय, तुमचं?" एवढं पुरे. चुकून "नाही" म्हणालात तर भाजी बाजूला राहील आणि त्यांचा डबा उघडेल.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, गाव कागलजवळ. आम्ही सगळ्या मुली "मी आलो", "मी जेवलो" असंच बोलतो. पुण्याची मामेबहीण सारखी हसते, म्हणते पोरासारखं काय बोलतेस. हे चुकीचं आहे का?

उत्तर : अजिबात नाही, बिनधास्त बोल. कोल्हापूर भागात आज्या, आया, पोरी सगळ्याच असं बोलत आल्यात, आणि गंमत बघ, हे फक्त "मी"लाच, मैत्रिणीबद्दल बोलताना तू "ती आली"च म्हणतेस, "ती आला" कधी म्हणत नाहीस, म्हणजे नियम तुझ्या डोक्यात पक्का आहे. कन्नडमध्ये "मी आलो" आणि "मी आले" दोन्हीला एकच "नानु बंदे", त्यामुळं शेजाऱ्याचा वारा लागला असं म्हणणारे आहेत. मला त्याहून आवडतं ते असं, की "आम्ही आलो" म्हणताना तुझी पुण्याची बहीण पण "आलो"च म्हणते, तिथं तिला पोरासारखं वाटत नाही! पुढच्या वेळी हसली की हेच विचार तिला. परीक्षेत आणि इंटरव्ह्यूत मात्र "आले" लिही-बोल, मार्क कापणारा कागलचा असेलच असं नाही.

प्रश्न : शिरोलीच्या एमआयडीसीत नवीन लागलोय. सगळे एकमेकांना "काय भावा" म्हणतात. साहेबांना म्हटलं तर चालतंय का?

उत्तर : नाही. पण चहाच्या टपरीवर साहेबच आधी "काय भावा, चहा घेणार काय?" म्हणाले तर लगेच "नको सर" करू नका, तोंड पाडून बसतील. चहा घ्या, आणि पैसे देण्यावरनं दोन मिनिटं भांडा, ते पण इथं लागतंय.