'एंत्रो कोहेआंदो'चं इंग्रजी काय करायचं?

प्रश्न असा आहे: स्पॅनिश कथा इंग्रजीत नेताना 'आंदार' आणि 'कामिनार' या दोन्ही क्रियापदांना सरसकट 'वॉक' लावलं तर बिघडतं का? आणि 'एंत्रो कोहेआंदो' (लंगडत आत आला) याचं 'ही एन्टर्ड लिम्पिंग' हे व्याकरणात बसत असूनही कानाला का खटकतं? (स्पॅनिश उच्चार लॅटिन अमेरिकेच्या वळणाने लिहिले आहेत.)

दुसरा भाग आधी घेऊ, कारण खरी अडचण तिथे आहे आणि मराठी माणसाला ती दिसतच नाही. स्पॅनिश वाक्यात मुख्य क्रियापद सांगतं की माणूस कुठून कुठे गेला: 'एंत्रार' आत येणं, 'सालिर' बाहेर पडणं, 'सुबिर' चढणं, 'बाहार' उतरणं, 'क्रुसार' ओलांडणं. तो कसा गेला हे नंतर, जोडीला येतं. मराठीचंही तेच. 'धावत रस्ता ओलांडला', 'लंगडत आत आला', 'झोकांड्या खात बाहेर पडला'. इंग्रजीत ही वाटणी उलटी आहे. कसा गेला हे क्रियापदात, आणि कुठे गेला हे 'इन', 'आउट', 'अप', 'अक्रॉस' अशा लहानशा शब्दात. भाषावैज्ञानिक लिओनार्ड टॅल्मी यांनी 1985 मध्ये भाषांचे हे दोन प्रकार नीट मांडून दाखवले. म्हणजे स्पॅनिश वाक्य मराठी डोक्यात सरळ बसतं आणि तिथून इंग्रजीत उतरताना मूळचीच रचना घेऊन उतरतं. दोन भाषांचा ओढा एकाच बाजूला असतो.

यावर करायचं ते इतकंच: स्पॅनिश क्रियापदातली दिशा काढून तिचा इंग्रजी लहान शब्द करायचा, आणि रिकाम्या झालेल्या जागी चालण्याची तऱ्हा क्रियापद म्हणून बसवायची. 'एंत्रो कोहेआंदो' म्हणजे 'ही लिम्प्ड इन'. 'सालिओ देल बार ताम्बालेआंदोसे' म्हणजे 'ही स्टॅगर्ड आउट ऑफ द बार'. 'क्रुसो ला काये कोर्रिएंदो' म्हणजे 'शी रॅन अक्रॉस द स्ट्रीट'.

पण जोडीला आलेलं प्रत्येक '-आंदो', '-इएंदो' (आपल्या 'लंगडत'मधल्या '-त'सारखे प्रत्यय) असं उचलता येत नाही. इथे एक कसोटी लावावी: ते शब्द पायांची हालचाल सांगतात, की चालताना सोबत चाललेली दुसरी गोष्ट? लंगडणं, धावणं, झोकांड्या खाणं ही पायांची कामं, ती क्रियापद होतात. 'से फुए योरांदो' (रडत निघून गेली) यात रडणं हे चालण्याची तऱ्हा नाही. तिथे 'शी वेन्ट ऑफ क्राइंग' किंवा 'शी लेफ्ट इन टिअर्स' असंच राहतं.

स्पॅनिशमध्ये नुसतं 'एंत्रो' असेल आणि तऱ्हा दिलीच नसेल, तर ती आपल्या पदरची घालू नये. 'केम इन' किंवा 'वेन्ट इन' पुरतं. 'एन्टर्ड' हे पोलिसी जबाबाचं किंवा नाटकाच्या रंगसूचनेचं इंग्रजी वाटतं. साध्या 'वॉक्ड इन'लाही धोका असतो. पात्र चाकांच्या खुर्चीत बसलेलं असेल तर भाषांतरकाराने त्याला फुकट चालवलेलं असतं.

याचा एक फायदाही आहे. 'सालिओ कोर्रिएंदो दे ला कासा, क्रुसो एल पातिओ इ सुबिओ लास एस्कालेरास' यात स्पॅनिशला तीन क्रियापदं लागली, कारण प्रत्येक हद्द ओलांडायला नवं क्रियापद हवं. इंग्रजीला एकच पुरतं: 'शी रॅन आउट ऑफ द हाउस, अक्रॉस द कोर्टयार्ड अँड अप द स्टेअर्स'. मात्र मूळ लेखकाने थांबत थांबत, एकेक टप्पा वेगळा दाखवला असेल तर ही काटकसर करू नये. आणि हद्द ओलांडायची नसेल तर स्पॅनिशही तऱ्हेचं क्रियापद चालवते. 'कामिनो आस्ता ला पुएर्ता' म्हणजे दारापर्यंत चालत गेला. उंबरठा ओलांडायचा म्हटला की लगेच 'एंत्रो' पुढे येतं.

'बाहो ला काये' इथे जरा थांबा. स्पॅनिशमध्ये सहसा खरोखरचा उतार किंवा रस्त्याचं खालचं टोक अभिप्रेत असतं. इंग्रजी 'डाउन द स्ट्रीट'मध्ये उतार असेलच असं नाही, ते 'रस्त्याने पुढे' इतकंच. कथेत चढउताराला महत्त्व असेल तर 'डाउनहिल' लिहावं, नाहीतर पुढच्या पानावर म्हातारा धापा टाकत वर का येतोय ते वाचकाला कळत नाही.

तऱ्हा सांगायला स्पॅनिशमध्ये 'आ' किंवा 'दे' लावून केलेले ठेवणीतले तुकडेही भरपूर आहेत. 'दे पुंतियास' चवड्यांवर, म्हणून 'टिपटोड अपस्टेअर्स'. 'आ गातास' रांगत. त्यातली 'गाता' म्हणजे मांजर, पण इंग्रजीत मांजर न आणता 'क्रॉल्ड' किंवा 'ऑन ऑल फोर्स'. 'आ तिएंतास' चाचपडत, त्याला इंग्रजीतली 'वे'ची रचना छान बसते: 'शी फेल्ट हर वे अलाँग द कॉरिडॉर'. कोपरांनी गर्दीतून वाट काढणं, 'आब्रिर्से पासो आ कोदासोस', तेही तसंच: 'ही एल्बोड हिज वे थ्रू द क्राउड'. 'आ सांकादास'ला शब्दकोश 'स्ट्रोड' देतात, पण 'स्ट्रोड'मध्ये रुबाब आहे. स्पॅनिश शब्दात फक्त ढांग लांब आहे. बस चुकेल म्हणून ढांगा टाकणाऱ्या माणसाला 'विथ लाँग स्ट्राइड्स' बरं.

आता 'आंदार' आणि 'कामिनार'. नुसत्या पायी चालण्यापुरता फरक बराचसा प्रादेशिक आहे: स्पेनमध्ये 'आंदार' जास्त, लॅटिन अमेरिकेत 'कामिनार'. तेवढ्या अर्थाला दोन्हीकडे 'वॉक' ठीक. घोटाळा होतो तो 'आंदार' पाय सोडून इतरत्र फिरायला लागतं तेव्हा. 'आंदो बुस्कांदो त्राबाहो' म्हणजे 'आयम लुकिंग फॉर वर्क', त्यात चालणं नाही. आपण 'काम शोधत फिरतोय' म्हणतो तेव्हा जितके पाय असतात तितकेच. मेक्सिकोतलं पात्र 'आंदा एनोहादो' असेल तर ते रागाने चालत नाही, हल्ली त्याचं डोकं फिरलेलं आहे: 'हीज इन अ बॅड मूड'. 'कोमो आंदास?' म्हणजे 'हाउ आर यू डुइंग?'. 'एल रेलोह नो आंदा' म्हणजे घड्याळ चालत नाही, इथे मराठी आणि स्पॅनिश तंतोतंत जुळतात आणि इंग्रजीला 'वर्क' लागतं. 'आंदार एन बिसिक्लेता'ला 'राइड'. स्पेनमध्ये नुसतं 'आंदा!' हे आश्चर्य, अविश्वास किंवा आर्जव असतं. प्रसंग बघून 'नो वे!', 'कम ऑन' किंवा 'गो ऑन'.

'देसांदार' हे मात्र हेवा वाटावा असं क्रियापद: चाललेलं उलटं चालत पुसणं. इंग्रजीत त्याला 'रीट्रेस्ड हिज स्टेप्स' घ्यावं.

'पासेआर' म्हणजे हवा खायला, पाय मोकळे करायला चालणं. 'गो फॉर अ वॉक' किंवा 'स्ट्रोल'. 'दार उना बुएल्ता' हा फेरफटका, पण तो गाडीतूनही असतो. आधीच्या ओळीत किल्ल्या उचलल्या असतील तर 'गो फॉर अ स्पिन'. 'मांदार आ पासेओ' म्हणजे एखाद्याला 'चालता हो' सांगणं, म्हणून 'टेल समवन टु गेट लॉस्ट'. कथा 1936 ते 1939 च्या यादवी युद्धातल्या स्पेनमधली असेल तर 'पासेओ' शब्दावर विशेष लक्ष ठेवा. त्या काळात 'ले दिएरॉन एल पासेओ' म्हणजे माणसाला घरातून नेऊन गोळी घातली. 'दे टुक हिम फॉर अ वॉक' लिहिलं तर खूनच गायब होतो. अमेरिकी गुंडांचं 'टेकन फॉर अ राइड' अर्थाने जवळचं आहे, पण त्याने शिकागो आठवतं. इंग्रजी इतिहासग्रंथांत बहुधा मूळ शब्दच तिरप्या अक्षरात ठेवलेला दिसतो, आणि तेच बरं.

हूबेहूब दिसणारे वाक्प्रचार सगळ्यात फसवे. स्पेनमध्ये 'इर पिसांदो उएबोस' म्हणजे अंड्यांवर पाय ठेवत जाणं, अर्थ: चिडचिड होईल इतकं हळू चालणं किंवा गाडी हाकणं. इंग्रजी 'वॉकिंग ऑन एगशेल्स' म्हणजे कुणी दुखावू नये म्हणून जपून वागणं. दोन्हीकडे अंडी, पण अर्थ दोन टोकांचे. पहिल्याला 'क्रॉलिंग अलाँग' किंवा 'अॅट अ स्नेल्स पेस' घ्या. 'आंदार कॉन पिएस दे प्लोमो', शिशाच्या पायांनी चालणं, म्हणजे जपून पाऊल टाकणं: 'ट्रेड केअरफुली'. अमेरिकी इंग्रजीतला 'लेड फूट' हा मात्र वेग दाबून गाडी पळवणारा. आणि 'आ पिए' म्हणजे पायी, पण 'दे पिए' म्हणजे उभं. 'इर दे पिए एन एल आउतोबुस' मधला माणूस बसमध्ये उभा आहे, बसशेजारून चालत नाही.

अंतरासाठी 'एस्ता आ दिएस मिनुतोस आंदांदो'चं 'इट इज अॅट टेन मिनिट्स वॉकिंग' करू नये. 'इट्स अ टेन-मिनिट वॉक' पुरे. 'त्रेस क्वाद्रास' हे लॅटिन अमेरिकेतले 'थ्री ब्लॉक्स'. स्पेनमधली 'मान्साना' म्हणजेही ब्लॉकच, जरी शब्दकोशात आधी सफरचंद दिसलं तरी.

राहिलं 'कोचे दे सान फेर्नांदो'. 'उन रातितो आ पिए इ ओत्रो आंदांदो', थोडं पायी आणि थोडं चालत, अशी या संत फेर्नांदोच्या गाडीची गंमत. आपल्या अकरा नंबरच्या बसची ही सख्खी बहीण. इंग्रजीत 'शँक्सेस पोनी' (अमेरिकेत 'शँक्स मेअर') आहे, 'शँक' म्हणजे नडगी. आजोबांच्या तोंडी ते शोभतं. तरुण पात्र 'फुइमोस आ पाता' म्हणत असेल तर 'वी हूफ्ड इट': स्पॅनिश 'पाता' हा जनावराचा पाय आणि इंग्रजीत खूर.