गुण मुलाचे, धास्ती वडिलांची

आपला मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याने ऑटोकॅड या सॉफ्टवेअरवर संगणकात काढलेल्या ड्रॉइंगला कॉलेजच्या स्वयंचलित तपासणीत शंभरपैकी 41 गुण मिळाले, म्हणून त्याची शाखा बदलून त्याला कॉम्प्युटरला घालावे का, असे आपण विचारता. मला मात्र आपल्या पत्रातील दुसऱ्याच वाक्याने अस्वस्थ केले: रोज संध्याकाळी आपण त्याच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसता आणि त्याने फाइल पाठवली की येणारा आकडा वहीत टिपून ठेवता. स्पष्ट लिहिते, हे आजपासून थांबवा. निकाल लगेच मिळतो तो मुलाने चूक पाहून आपली आपण सुधारावी म्हणून. तिथे पहारा बसला, तर तो ड्रॉइंग न शिकता आकडा वाढवण्याच्या क्लृप्त्या तेवढ्या शिकेल.

हा आकडा म्हणजे मुलाची कुवत, असे आपण धरून चालला आहात. असे सॉफ्टवेअर बहुधा शिक्षकांच्या नमुना फाइलशी विद्यार्थ्याची फाइल ताडून पाहते: रेषांची टोके, लेअर (रेषा ज्या थरावर काढली तो थर), रेषेचा प्रकार, डायमेन्शन (ड्रॉइंगवर दाखवलेले माप). ड्रॉइंगमधला भाग यंत्रावर घडवता येईल का, हे त्यात पाहिले जातेच असे नाही. आपण जोडलेला अहवाल मी ओळीने वाचला. बहुतेक गुण सेंटर लाइन (मध्यरेषा) ‘0’ या लेअरवर राहिल्यामुळे गेले आहेत. नवी फाइल उघडली की सहसा हीच लेअर चालू असते, ती बदलायची राहिली, आणि ही एकच चूक प्रत्येक रेषेमागे नव्याने मोजली गेली. तिन्ही दृश्ये मात्र प्रथम कोन प्रक्षेपणात, म्हणजे दृश्ये मांडण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, जागच्या जागी आहेत, आणि समज दिसते ती तिथे.

खरी गंभीर चूक अहवालाच्या तळाशी आहे, आणि तिचे जेमतेम 2 गुण कापले आहेत. भोकाचा व्यास प्रत्यक्षात 24.6 मि.मी. काढलेला असून डायमेन्शनवर 25 हा आकडा हाताने टाइप केला आहे. याच फाइलवरून सीएनसीचा, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्राचा, प्रोग्राम तयार झाला, तर भोक 24.6 चेच पडेल आणि 25 ची पिन त्यात बसणार नाही. एवढी एक गोष्ट त्याने सरांकडून समजून घ्यावी.

डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हे आपल्याला ठाऊक असेलच. शाखा बदलून सॉफ्टवेअरकडून होणारी तपासणी टळेल, ही आशा मात्र सोडा. प्रोग्रामिंगचे स्वाध्यायही अनेक ठिकाणी असेच तपासले जातात. मुलाला काय हवे आहे, याचा आपल्या चार पानांत कुठेही उल्लेख नाही. पुढचे पत्र त्याला लिहू द्या, आणि ते न वाचता टपालात टाका.