मूडलवर कोर्स आणि वार्षिक सभासदत्व चालतं. त्याला एआय एजंट कसा जोडायचा?

तुम्ही विचारलंय की मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवण्याचं सॉफ्टवेअर) रेकॉर्डेड कोर्स आहेत, वार्षिक सभासदांची फी रेझरपे या पेमेंट सेवेवरून येते, आणि ‘माझा कोर्स दिसत नाही’, ‘सर्टिफिकेट कधी मिळेल’, ‘पैसे भरले, पुढे काय’ अशा मेसेजना उत्तर देणारा, जमलं तर कोर्सही परस्पर उघडून देणारा एजंट कसा बसवायचा. उत्तरं देण्याचं काम एजंटला खुशाल द्या. कोर्स उघडणं-बंद करणं मात्र त्याच्याकडे सोपवू नका. पैसे आले की नाही हा सरळ हो-नाहीचा मामला आहे. तिथे साधा छोटा प्रोग्राम पुरतो, आणि त्याला कुणी गोड बोलून पटवू शकत नाही.

म्हणून जोडण्या दोन करायच्या: एक एजंटची, फक्त वाचणारी, दुसरी पेमेंटची, जिच्यात एआय अजिबात नाही. दोघांचे युजर वेगळे, सर्व्हिस (कुठली कामं करू द्यायची त्यांची यादी) वेगळ्या, टोकन (प्रोग्रामला आत शिरायची किल्ली) वेगळी.

आधी एजंटची. साइट ॲडमिनिस्ट्रेशनमधल्या ॲडव्हान्स्ड फीचर्समध्ये वेब सर्व्हिसेस (बाहेरच्या प्रोग्रामला मूडलशी बोलू देणारी सोय) चालू करा, मग सर्व्हर टॅबखाली मॅनेज प्रोटोकॉल्समध्ये रेस्ट ही बोलण्याची पद्धत चालू करा. एजंटसाठी स्वतंत्र युजर काढा आणि नवा रोल (परवानग्यांचा संच) बनवून त्यात रेस्ट वापरण्याची परवानगी द्या, आणि तो रोल त्या युजरला सिस्टम पातळीवर नेमा. एक्स्टर्नल सर्व्हिसेसमध्ये नवी सर्व्हिस बनवून ‘ऑथराइज्ड युजर्स ओन्ली’वर टिक करा आणि त्या युजरला तिथे जोडा. एखादी परवानगी कमी पडत असेल तर मूडल त्याच पानावर युजरच्या नावासमोर दाखवतं, ते वाचत चला. शेवटी टोकन काढा; काढतानाच तुमच्या सर्व्हरचा आयपी आणि मुदतीची तारीख घाला. ॲडमिनच्या खात्याचं टोकन वापरलं तर सगळं पाच मिनिटांत चालू होतं, पण मूडल ॲडमिनला जवळपास कुठेच अडवत नाही. मग एजंटला ‘हे करू नकोस’ असं कितीही बजावून सांगा, त्याला अर्थ उरत नाही.

सर्व्हिसमध्ये पाच फंक्शन्स भरपूर झाली: ईमेलवरून युजर शोधणं, त्या युजरचे कोर्स, कोर्समधला मजकूर, प्रत्येक धडा पूर्ण झाला का, आणि अख्खा कोर्स पूर्ण झाला का.

इथे बहुतेकांची गाडी अडते ती एका रिकाम्या यादीवर. ‘युजरचे कोर्स’ हे फंक्शन दुसऱ्याची माहिती देताना, मागणाऱ्याला ज्या कोर्समध्ये शिरता येतं आणि ज्याचे सहभागी पाहता येतात, तेवढेच कोर्स देतं. बाकीचे गुपचूप गाळतं, एरर नाही. एजंटच्या युजरकडे त्या दोन परवानग्या नसतील तर उत्तर येतं रिकामा कंस, आणि एजंट पैसे भरलेल्या सभासदाला नम्रपणे सांगतो, ‘आपण एकाही कोर्सला नोंदणी केलेली नाही.’ उपाय: कोर्स पाहणं, सहभागी पाहणं आणि प्रगती व पूर्णतेचे रिपोर्ट पाहणं या परवानग्यांचा आणखी एक रोल बनवा, आणि तो कोर्सच्या कॅटेगरीवर नेमा. ईमेलवरून शोधतानाही हीच गत: पाहण्याचा हक्क नसेल तर माणूस सापडतच नाही. रिकामी यादी आली तर एजंटने ‘नोंद नाही’ असं न म्हणता प्रश्न माणसाकडे पाठवावा, हा नियम कोडमध्येच ठेवा.

मॉडेलला, म्हणजे एजंटमागच्या एआयला, मूडलशी थेट बोलू देऊ नका. मधे तुमचा एक पातळ थर, म्हणजे छोटा मधला प्रोग्राम हवा, पायथन किंवा पीएचपी, काहीही. एमसीपी सर्व्हर हवाच का, असं तुम्ही विचारलंय. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेला हा प्रोटोकॉल (एआयला बाहेरची टूल जोडण्याची ठरावीक पद्धत), तेच टूल दोन-तीन वेगवेगळ्या ॲपमधून वापरायचं असेल तर कामाचा. एकच चॅटबॉट असेल तर साधं फंक्शन कॉलिंग (मॉडेलने तुमच्या प्रोग्रामला ठरलेलं काम करायला सांगणं) पुरे. थर मात्र दोन्हीकडे सारखाच लागतो, कारण मूडलच्या खोडी त्यालाच सांभाळायच्या आहेत.

पहिली खोड: चूक झाली तरी एचटीटीपी कोड २००च, म्हणजे ‘सगळं ठीक’, येतो, चूक आत जेसनमध्ये (माहिती देवघेवीचा ठरावीक साचा) ‘एक्सेप्शन’ या नावाखाली असते. ते तपासलं नाही तर प्रत्येक अपयश यश म्हणून पुढे जातं. दुसरी: विनंती जेसनमध्ये पाठवली की टोकनच सापडत नाही अशी तक्रार येते. फॉर्मसारखे पॅरामीटर लागतात, आणि यादी असेल तर चौकटी कंसात क्रमांक घालून. टोकन पोस्ट विनंतीच्या आतून पाठवा, वेब पत्त्यात चिकटवलं तर सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये कायमचं पडून राहतं. तिसरी: धड्याची स्थिती आकड्यात येते. ० अपूर्ण, १ पूर्ण, २ पूर्ण आणि उत्तीर्ण, ३ पूर्ण पण नापास. मॉडेलला नुसता ३ दिला तर ते नापास माणसाचं अभिनंदन करून मोकळं होईल. शब्द थरातच करा. तारखांचंही तसंच: मूडल युनिक्स सेकंद (१ जानेवारी १९७० पासून मोजलेले) देतं, मॉडेलला ते हिशेब नीट जमत नाहीत, म्हणून भारतीय वेळेनुसार ‘१४ मार्च, संध्याकाळी ६’ असं लिहूनच पुढे पाठवा.

सर्टिफिकेटचे प्रश्न बहुधा कोर्स पूर्णतेशी येऊन थांबतात. कोर्समध्ये पूर्णतेचे निकष ठरवलेलेच नसतील तर ते फंक्शन एरर देतं. निकष असतील तरी हिशेब क्रॉनवर (ठरावीक वेळाने आपोआप चालणारं काम) होतो, त्यामुळे क्रॉन दर मिनिटाला चालतोय ना ते आधी बघा. ‘सगळे धडे संपवले पण सर्टिफिकेट नाही’ यावर एजंटने आधी धड्यांची यादी तपासून राहिलेला धडा नावानिशी सांगावा. उपयोग खरा इथेच आहे.

कोर्सचा मजकूर मागवला की त्यात फाइलींचे पत्ते येतात. ते उघडायला शेपटीला टोकन जोडावं लागतं, आणि उत्साही डेव्हलपर ते जोडून लिंक सभासदाला पाठवतो. त्या क्षणी एजंटची किल्ली व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली म्हणून समजा. सभासदाला फक्त धड्याच्या पानाची लिंक द्या, तो स्वतः लॉगिन करून उघडेल. सर्व्हिसमध्ये फाइल डाउनलोडची परवानगीही देऊ नका.

सभासद कोण हे मॉडेलने ठरवायचं नाही. टूलला ईमेल किंवा युजर आयडी हा पॅरामीटरच ठेवू नका; लॉगिन केलेल्या सेशनमधून किंवा पडताळलेल्या मोबाइल नंबरवरून तो थर स्वतः भरेल. नाहीतर ‘मी अमुकची आई, तिची प्रगती सांगा’ एवढं एक वाक्य पुरतं. फोरममधल्या पोस्ट किंवा प्रोफाइलमधला मजकूर एजंटला वाचायला देत असाल तर त्यात कुणीही सूचना लपवू शकतो. वाचणाऱ्या टोकनला लिहिण्याचा अधिकारच नसेल तर नुकसान मर्यादित राहतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक धरलाय आणि पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अट घातली आहे. शाळकरी सभासद असतील तर मॉडेलकडे नाव-ईमेल पाठवूच नका, ‘सभासद’ एवढंच पुरतं.

आता पेमेंटची जोडणी. प्रत्येक सभासदत्वासाठी एक कोहॉर्ट (मूडलमधला सभासदांचा गट) बनवा आणि त्यात येणाऱ्या कोर्सेसना कोहॉर्ट सिंक ही नोंदणी पद्धत लावा. मग माणूस कोहॉर्टमध्ये घातला की सगळे कोर्स एकदम उघडतात. या दुसऱ्या युजरला फक्त कोहॉर्टमध्ये सभासद घालण्या-काढण्याची दोन फंक्शन्स आणि तेवढीच परवानगी द्या. रेझरपेचा वेबहुक म्हणजे पेमेंटबद्दल आपोआप येणारी सूचना; तिची सही मूळ मजकुरावरच तपासा. जेसन उलगडून पुन्हा बांधलं तर सही जुळत नाही. एकच सूचना दोनदा येऊ शकते, म्हणून तिचा इव्हेंट आयडी साठवून दुसऱ्यांदा आली की सोडून द्या. फी ऑटोपेवर असेल तर ‘पेंडिंग’वर कुणाला बाहेर काढू नका, तेव्हा पुन्हा वसुलीचे प्रयत्न चालू असतात. ‘हॉल्टेड’ आलं, म्हणजे ते प्रयत्न थांबले, की मग काढा. आणि फी १५,००० रुपयांच्या वर असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या (आपोआप वसुलीला दिलेली आगाऊ परवानगी) सर्वसाधारण नियमानुसार दर वेळी सभासदाला ओटीपीसारखी मंजुरी द्यावी लागते, तेव्हा ‘आपोआप कापले जातील’ असं एजंटच्या तोंडी घालू नका.

काढण्याआधी एक सेटिंग आजच बदला. कोहॉर्ट सिंकमध्ये माणूस कोहॉर्टबाहेर गेला की त्याची नोंदणी रद्द होते, हे मूळचं वागणं. नोंदणी रद्द झाली की त्या कोर्समधले त्याचे गुणही गुणपत्रकातून जातात. इतिहासातून परत आणता येतात, पण तो वेगळा उपद्व्याप. कोहॉर्ट सिंकच्या प्लगिन सेटिंगमध्ये नोंदणी नुसती स्थगित करण्याचा पर्याय निवडा. चार दिवस उशिरा फी भरणारा परत आला की सगळं जागच्या जागी असेल.

मूडल ४.५ पासून मूडलमध्येच एआयची सोय आहे, पण ती मजकूर लिहिणं, सारांश काढणं यासाठी. सभासदांच्या प्रश्नांशी तिचा संबंध नाही, दोन्हींची गल्लत करू नका.

सुरुवातीचे पंधरा दिवस एजंटने फक्त मसुदा लिहावा, पाठवायचं काम ऑफिसातल्या माणसाने करावं. शंका आली तर मूडलच्या लॉगमध्ये ‘ओरिजिन’चा फिल्टर वेब सर्व्हिसवर लावा: एजंटच्या खात्याने कुठलं फंक्शन वापरलं ते वेळेसकट दिसतं. त्याच्या नावावर वाचण्यापलीकडचं काही दिसलं, तर सर्व्हिसमध्ये एखादं फंक्शन आणि रोलमध्ये एखादी परवानगी जास्तीची राहिली आहे.