स्वस्त प्लॉटमध्ये वाचलेले पैसे फर्निचरला लावू का?

प्रश्न: सारख्याच आकाराचे दोन प्लॉट पाहिलेत. एक उंचावर, मुरमाड. दुसरा सखल, काळ्या चिकण मातीचा, पण १५ टक्के स्वस्त. ड्रेनेज लाइन दोन्हीकडे नाही, बांधकामाला कर्ज काढणार आहे. स्वस्त प्लॉट घेऊन उरलेली रक्कम फर्निचरला लावावी म्हणतो. विकणारा म्हणतो, माती परीक्षणाची काही गरज नाही. काय करू?

उत्तर: ते १५ टक्के अजून तुमचे झालेले नाहीत. समजा महाग प्लॉट १०० ला, स्वस्त ८५ ला आणि बांधकामाला २०० लागणार. पायाचा वाटा बांधकामाच्या १० ते १५ टक्के धरला तर तो २० ते ३० होतो. फुगणाऱ्या मातीमुळे पायाचा खर्च दीडपट झाला, तर १० ते १५ तिथेच गेले. ड्रेनेज लाइन नसल्याने लागणारी सेप्टिक टाकी आणि सखल भागातला भराव यात धरलेलाच नाही. खर्च दीडपट होईलच असं नाही. पण होणार की नाही हे परीक्षणाशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, विकणाऱ्याला तर नाहीच.

काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. पाया त्याच थरात बसला तर घराचा एक भाग उचलला जातो, दुसरा खचतो. दारं अडकतात, खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जातात. थर उथळ असेल तर तो काढून खालच्या मुरमावर पाया घेता येतो. खोल असेल तर साधारण ३.५ मीटर किंवा त्याहून खोल जाणारे अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब) आणि त्यांच्यावर प्लिंथ बीम (जोत्याची तुळई) लागतो, शिवाय बीमखाली माती फुगायला जागा सोडावी लागते. या दोन उपायांच्या खर्चात बराच फरक आहे. म्हणून परीक्षण करणाऱ्याकडून चार गोष्टी लेखी घ्या: मुरूम किती खोलीवर, धारणक्षमता (माती किती भार पेलते) किती, फ्री स्वेल इंडेक्स (माती पाण्यात किती टक्के फुगते) किती आणि भूजल पातळी किती. इंडेक्स ५० टक्क्यांच्या वर असेल तर साध्या पायाचा विचार सोडा. परीक्षणासाठी एकाच खड्ड्यावर भागवू नका, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत तरी पाहा. खड्ड्यात विटांचे तुकडे किंवा प्लॅस्टिक निघालं तर तो भराव आहे आणि तो वर्षानुवर्षं दबत राहू शकतो.

सेप्टिककडे मात्र बहुतेकांचं लक्षच जात नाही. टाकी कुठल्याही मातीत बसते, अडतं ते शोषखड्ड्याचं, म्हणजे टाकीतून येणारं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याचं. त्याची चाचणी सोपी आहे. शोषखड्डा जिथे होणार त्या जागी, त्याच खोलीपर्यंत ३० सेंटिमीटर रुंदीचा खड्डा घ्या, बाजू खरवडा, तळाला ५ सेंटिमीटर खडी टाका आणि रात्रभर पाणी मुरू द्या. दुसऱ्या दिवशी खडीवर १५ सेंटिमीटर पाणी ठेवून ते २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजा. ३० मिनिटांपर्यंत असेल तर शोषखड्डा चालतो. ३० ते ६० असेल तर लांब शोषचर (पाणी मुरवणारे चर) लागतात. ६० च्या पुढे दोन्ही सोडा आणि वाळूच्या गाळणथराचा खर्च काढा. त्यासाठी जागा जाते, बऱ्याचदा पंपही लागतो. रात्रभर भिजवायचा कंटाळा केला तर कोरडी, भेगाळलेली चिकण माती पाणी गटागट पिते आणि चाचणी छान उत्तीर्ण होते! पुढे ओल्या दिवसांत मैलापाणी अंगणात येतं. भूजल वर असेल तर आणखी एक धोका: मैला उपसल्यावर रिकामी, हलकी टाकी पाण्याने वर उचलली जाते आणि पाइपांचे जोड तुटतात.

बागेसाठी यातला कुठलाच प्लॉट नाकारू नका. चिकण मातीत वाळू मिसळायच्या फंदात पडू नका, ती आणखी घट्ट होते. ५ सेंटिमीटर कंपोस्टचा थर वरच्या १५-२० सेंटिमीटर मातीत मिसळा, नाहीतर ३० सेंटिमीटर उंचीचे वाफे करा.

आता पैशाचा क्रम. टोकन कमीत कमी द्या, आणि माती परीक्षणाचा अहवाल प्रतिकूल आला तर ते परत मिळेल, अशी अट लेखी घाला. अट मान्य नसेल तर परीक्षण आधी, टोकन नंतर. अहवाल घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून दोन्ही प्लॉटसाठी पाया, सेप्टिक आणि भरावाचं वेगवेगळं अंदाजपत्रक काढा. हे कर्ज मंजूर होण्याआधीच व्हायला हवं: कर्ज टप्प्याटप्प्याने मिळतं आणि पायाचा वाढीव खर्च बहुधा आधी खिशातून भरावा लागतो. तेव्हा लोक हात घालतात तो आपत्कालीन निधीत. गृहविम्यावरही विसंबू नका. जमीन दबल्याने पडलेल्या भेगा बऱ्याच पॉलिसींमध्ये वगळलेल्या असतात.

सगळं वजा करून, महाग प्लॉट १०० धरलेल्या वरच्या हिशोबात फरक ५ च्या आत उरला तर मुरमाचा प्लॉट घ्या. १० च्या वर उरला तर काळ्या मातीचा जरूर घ्या, पण त्यातला निम्मा फरक घर बांधून एक ओला ऋतू जाईपर्यंत बाजूला ठेवा, फर्निचर त्यानंतर. आणि अहवालात भूजल पातळी कोणत्या महिन्यात मोजली ते बघा. कोरड्या दिवसांतली असेल तर शोषखड्ड्याची खोली तिच्यावर ठरवू नका.