निसर्गचित्रकार व्हायचं म्हणतो, घर चालेल का?

प्रश्न : आम्ही रावेर तालुक्यातले केळी उत्पादक. मुलगा बारावी सायन्सला आहे. शाळेत असताना इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड मिळाली होती. दर रविवारी सायकलला बोर्ड बांधून सुकी नदीकाठी नाहीतर पालच्या रस्त्याला जातो आणि चित्रं काढत बसतो. फिजिक्समध्ये काठावर आहे. निसर्गचित्रकारच होणार म्हणतो. त्याच्या आईचं म्हणणं, निदान कलाशिक्षक तरी हो. मला वाटतं, आधी इंजिनिअरिंग करावं, चित्रं छंद म्हणून आहेतच. नुसत्या चित्रांवर घर चालतं का? त्याच्या काही चित्रांचे फोटो पाठवत आहे.
– एक पालक, रावेर तालुका

नमस्कार भाऊ,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचे त्याच्याच पोटात आहेत. चित्रांवर घर चालतं, पण दर महिन्याच्या एक तारखेला चालत नाही. केळीची कांदेबाग लावताना कापणीच्या वेळचा भाव तुम्हाला कोणी लिहून देतं का? भाव रोज बदलतो, एखादं वादळ उभी बाग आडवी करून जातं, सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला तर रोपं उपटून फेकावी लागतात. तरी याच केळीवर तुम्ही घर चालवलंत आणि मुलाला शिकवलंत. निसर्गचित्रकाराची कमाई साधारण याच जातीची असते. त्यामुळे कमाईची शाश्वती नाही, ही काळजी एका केळीवाल्याने कळवावी याची थोडी गंमत वाटली. काळजी खोटी नाही. पण चांगल्या वर्षातलं वाईट वर्षासाठी राखून ठेवायचं असतं, हे पगारदाराच्या घराला शिकवावं लागतं. तुमच्या घरात ते मुलाने लहानपणापासून पाहिलंय.

आता ही कमाई येते कुठून ते सांगतो. लोकांना वाटतं, चित्रकार चित्र काढतो, कोणीतरी श्रीमंत माणूस ते विकत घेतो. हा भाग आहेच, पण बहुतेकांच्या बाबतीत तो निम्मासुद्धा नसतो. गॅलरीतून चित्र विकलं गेलं तर किमतीचा तिसरा हिस्सा, कधी निम्मी रक्कम गॅलरीकडे जाते. स्वतः हॉल भाड्याने घेऊन प्रदर्शन भरवलं तर भाडं, फ्रेम, काच, टेम्पो, मुंबईतला आठवडाभराचा मुक्काम हे सगळं आधी खिशातून. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे आणि तिथली भिंत मिळावी असं प्रत्येकाला वाटतं, पण अर्ज केल्यावर तारखेसाठी वर्षं थांबावं लागतं. म्हणून जाणते चित्रकार दुसऱ्या बाजूने पाया भरतात. शनिवार-रविवारचे वर्ग, कार्यशाळा, शाळा-कॉलेजांत प्रात्यक्षिकं, ऑनलाइन शिकवणी, हॉटेल, दवाखाने आणि बंगल्यांच्या ऑर्डरी. अ‍ॅनिमेशन आणि गेमच्या कंपन्यांत पार्श्वभूमी रंगवणाऱ्यांना चक्क पगारी नोकरी असते, आणि ज्याचा हात प्रत्यक्ष झाडं-डोंगर पाहून तयार झालाय तो तिथे कॉम्प्युटरवरही उठून दिसतो. पुण्याचे मिलिंद मुळीक आज जलरंगातलं मोठं नाव. चित्रांच्या बरोबरीने त्यांची पुस्तकं आणि कार्यशाळाही तितक्याच गाजलेल्या आहेत.

मुळीक इंजिनिअर आहेत, हे तुम्ही कदाचित माझ्याच तोंडावर फेकाल. खरं आहे, इंजिनिअरिंग करून चित्रकार होता येतं. पण ज्याला फिजिक्स काठावर सुटतंय त्याने चार वर्षं आणि तुमचे लाखभर रुपये वर्षाला घालून, मनाविरुद्ध, बॅकलॉग सांभाळत ती पदवी घ्यायची आणि मग पुन्हा शून्यापासून ब्रश हातात धरायचा, यात मला शहाणपण दिसत नाही. त्याला इंजिनिअरिंगची ओढ असती तर मीच म्हटलं असतं, जाऊ द्या.

नोकरी आणि चित्र दोन्ही करायचं झालं तर चित्रकार रझांचं उदाहरण घ्या. सय्यद हैदर रझा १९२२ मध्ये मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावात जन्मले, वडील वनखात्यात. म्हणजे आपल्या सातपुड्याच्याच पूर्वेकडच्या अंगाला, जंगलात वाढलेला मुलगा. नागपूरच्या कलाशाळेत शिकून १९४३ मध्ये मुंबईला आले. दिवसा छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी, उरलेल्या वेळात मुंबईचे रस्ते आणि पावसाळी आभाळ जलरंगात. १९५० मध्ये पॅरिसला गेले. आज त्यांचं नाव काढलं की लोकांना ‘बिंदू’ आठवतो, पण कित्येक वर्षं ते निसर्गचित्रंच करत होते. नोकरी केल्याने त्यांच्यातला चित्रकार मेला नाही, कारण ती रंगांच्या जवळची नोकरी होती.

उलट टोकाचं उदाहरण कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांचं. विलक्षण हात, शाहू महाराजांचा आश्रय. १९२२ मध्ये महाराज गेले आणि त्या दुःखात त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली असं सांगतात. आता राजे नाहीत, पण एकाच बिल्डरवर किंवा एकाच गॅलरीवर विसंबून राहणारे चित्रकार आजही आहेत आणि तो माणूस पाठ फिरवतो तेव्हा त्यांची तशीच अवस्था होते.

आता फोटोंबद्दल. मी चित्रकार नाही, म्हणून ते जळगावच्या एका निवृत्त कलाशिक्षकांना दाखवले. पहिली तीन त्यांनी लगेच बाजूला सारली. म्हणाले, ही मोबाईलवरचा फोटो समोर ठेवून काढली आहेत. मी विचारलं, कशावरून? सावल्या पाहा म्हणाले, काळ्याभोर आहेत. कडक उन्हात मोबाईलला सावलीच्या आतलं काही दिसत नाही, माणसाच्या डोळ्याला मात्र तिथे निळं, जांभळट, मातीवरून उलटून आलेला लालसर उजेड असं पुष्कळ दिसतं.

चौथं चित्र त्यांनी बराच वेळ हातात धरून पाहिलं. केळीची बाग. ऊन पाठीमागून येतंय, त्यामुळे वरची पानं पोपटी-पिवळी पेटलेली, वाऱ्याने त्यांच्या चिंध्या झालेल्या, आणि त्याखाली बागेच्या आत एकदम थंड, ओला अंधार. खोडाला लोंबणारी वाळकी पानं त्याने एकेका फटकाऱ्यात सोडून दिली आहेत, पुन्हा त्यावरून ब्रश फिरवलेला नाही. ‘हे जागेवर बसून काढलंय आणि वेळेवर थांबलाय,’ एवढंच ते बोलले. तक्रारही केली. सगळा हिरवा एकाच ट्यूबमधला आहे. त्याला सांगा, सहा महिने हिरव्या रंगाची ट्यूब घरी ठेवून जा, निळ्या-पिवळ्यातून हिरवा तयार कर. नवतीच्या, म्हणजे नव्या लागवडीच्या बागेचा हिरवा वेगळा, घड पडलेल्या बागेचा वेगळा, हे तुमच्या मुलाला नाही कळणार तर कोणाला?

या एका चित्रावरून मी सल्ला देतोय, इंटरमिजिएटच्या ए ग्रेडवरून नाही. त्या परीक्षेत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन असे पेपर असतात. बाहेर उन्हात बसून समोरचं रंगवण्याचा पेपरच नसतो. ग्रेडवरून शिस्त कळते, हे काम झेपेल की नाही ते कळत नाही. आणि हे काम शरीराचंही आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीच्या वर जातो. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळून कडा धरतं आणि आभाळाला डाग पडतात. त्याला सांगा, कागद पाठीमागूनही भिजवून घ्यायचा, पाण्याच्या फवाऱ्याची बाटली जवळ ठेवायची, तीनशे जीएसएमच्या खालचा, म्हणजे त्याहून पातळ कागद बाहेर न्यायचाच नाही आणि उन्हाळ्यात नऊच्या आत आवरायचं. मोठ्या कागदाचे चार तुकडे करून छोटी चित्रं काढावीत. पैसेही वाचतात आणि उजेड बदलायच्या आत चित्रही होतं.

विषयासाठी त्याला कुठे दूर जायची गरज नाही, हे मात्र मी ठामपणे सांगेन. कलेच्या जगात निसर्गचित्र म्हटलं की कोकण, काश्मीर नाहीतर बनारसचे घाट. खानदेश रंगवलेला फारसा दिसत नाही. तापीकाठच्या घळी, चांगदेवजवळचा तापी-पूर्णेचा संगम, हतनूरचं पाणी, भुसावळचं यार्ड, तोरणमाळचा यशवंत तलाव, कापूस फुटल्यावरची काळी जमीन, आणि उत्तरेला कायम दिसणारी सातपुड्याची रांग, जी सकाळी निळी असते आणि धुळीच्या दुपारी जवळजवळ पुसली जाते. गावात राहून कला होत नाही असं कोणी म्हणालं तर त्याला चाळीसगावला पाठवा. केकी मूस परदेशात कला शिकून परतले आणि स्टेशनजवळच्या आपल्या घरात राहून त्यांनी टेबलावर मांडणी करून अशी छायाचित्रं घेतली की खरोखरीचं दृश्य वाटावं. ते घर आता संग्रहालय आहे, मुलाला घेऊन एकदा जाऊन या.

पण शिकायला बाहेर पडावं लागेल. बारावी कोणत्याही शाखेची चालते, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के हवेत, म्हणून फिजिक्स सोडून देऊ नकोस म्हणावं, निदान सुटलं पाहिजे. त्यानंतर चार वर्षांचं बी.एफ.ए., पेंटिंग. त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची कला शाखेची सीईटी असते, तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कलाविषयक सामान्यज्ञान. शासकीय कॉलेज मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. मुंबईचं सर जे.जे. कला महाविद्यालय ही १८५७ पासूनची संस्था आता अभिमत विद्यापीठ झाली आहे, त्यामुळे तिथल्या प्रवेशाची पद्धत त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावी. मिळालं तर सोडू नका, कारण मुंबईत जुन्या जलरंगकारांची मूळ चित्रं पाहायला मिळतात. मिळालं नाही तर संभाजीनगर मला तुमच्यासाठी जास्त सोयीचं वाटतं. घर जवळ, खर्च कमी, अजिंठा येता-जाता वाटेवर. खानदेशातही खासगी कला महाविद्यालयं आहेत, पण फी भरण्याआधी तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचं काम प्रत्यक्ष पाहून या.

कॉलेजमध्ये त्याला एक वाक्य हमखास ऐकायला मिळेल, की निसर्गचित्र आता जुनं झालं. काही शिक्षक तसं मानतात, मोठ्या गॅलऱ्याही बऱ्याचदा मानतात. त्याने वादात पडू नये, जे नवं शिकवतील ते शिकावं आणि रविवारचा बोर्ड सोडू नये.

त्याच्या आईचा मुद्दा मी उडवून लावत नाही. एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) किंवा पुढे कला शिक्षणाची पदविका हाताशी असावी. पण अनुदानित शाळांतल्या कलाशिक्षकाच्या जागा फार कमी निघतात, तेव्हा त्याला पक्की नोकरी समजून चालू नका.

पैशांच्या बाबतीत दोन सरकारी गोष्टी माहीत असू द्या. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, महिन्याला ५,००० रुपये, दोन वर्षं. त्यासाठी आधीचं शिक्षण दाखवावं लागतं, म्हणून कोणाकडे काय शिकला याचे कागद आतापासून जपा. आणि महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थी विभाग वेगळा असतो. बॉम्बे आर्ट सोसायटी (१८८८) आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया (१९१८) यांच्या वार्षिक प्रदर्शनांत चित्र लागणं याला धंद्यात किंमत आहे. मोबाईलवर येणाऱ्या ‘आंतरराष्ट्रीय पुरस्कारा’ला मात्र काडीची नाही. प्रवेश फी भरा, सर्टिफिकेट घ्या, मेडलचे वेगळे द्या, असा तो बाजार आहे. तिथे एक रुपया घालू नका.

चित्र विकलं, दिलं, पाठवलं, काहीही केलं तरी आधी चांगल्या उजेडात त्याचा फोटो काढून तारीख, जागा, आकार लिहून ठेवायची सवय लावा. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होता, आयुष्याची उमेदीची वर्षं त्यात घातली. त्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळून गेल्या. त्याची कबर तुमच्या जवळच, भुसावळला आहे.

मुदतीचं सांगायचं तर मी घरात एकदाच बसून ठरवा म्हणेन. बी.एफ.ए.ची चार वर्षं आणि त्यानंतरची पाच-सहा. एवढ्या काळात शिकवण्या आणि ऑर्डरींवर त्याचा स्वतःचा खर्च निघाला पाहिजे, घर चालवायची अपेक्षा त्यानंतर. बागेत त्याचा हिस्सा आहे म्हणून त्याने आळशी राहू नये, आणि तुम्हीही दर दिवाळीला ‘किती विकली?’ विचारू नये.

सीईटीच्या अर्जाची तारीख कक्षाच्या संकेतस्थळावर जाहीर होते, ती एजंटकडून ऐकू नका. अधिवासाचा, उत्पन्नाचा आणि लागू असेल तर जातीचा व नॉन-क्रिमीलेअरचा दाखला दिवाळीनंतर लगेच काढायला टाका. मार्च-एप्रिलमध्ये तहसीलला झुंबड असते, आणि तेव्हा त्याची बारावीची परीक्षा आणि तुमची कापणी एकाच वेळी असेल.