बुधवारच्या वर्गाविषयी

चिरंजीवास,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

पाळकसाहेबांनी प्रौढांचा शास्त्राभ्यासाचा, म्हणजे बायबल अभ्यासाचा, वर्ग तुझ्यावर सोपवल्याचे तुझ्या पत्रातून कळले आणि मनापासून आनंद झाला. सोबत पाठवलेला आराखडा मी दोनदा वाचला. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकापर्यंतचा प्रवास बारा बुधवारांत बसवण्यासाठी तू घेतलेले कष्ट त्यात दिसतात. मात्र त्या बारा पानांत वर्गाला येणारी माणसे मला कुठे सापडली नाहीत. बेळगावच्या खासबागेत दिवसभर यंत्रमागाच्या खडखडाटात उभी राहून येणारी बाई, उद्यमबागेतल्या फौंड्रीची पाळी संपवून हातपाय धुऊन थेट येणारा तरुण, खानापूरकडची भातलावणी उरकून मुलाकडे चार दिवस राहायला आलेली आजी, पलटणीतून निवृत्त झालेले काका, ही माणसे तुझ्यासमोर बसणार आहेत. शास्त्र त्यांच्यापैकी काहींनी तुझ्याहून अधिक वेळा वाचलेले आहे. त्यांना माहिती कमी पडते असे मला कधी वाटले नाही. वाचलेले वचन आणि गेलेला आठवडा यांची गाठ घालून द्यायला कुणीतरी सोबत बसावे, एवढीच त्यांची गरज असते.

आपण मेथॉडिस्ट असल्यामुळे आपल्यातील या वर्गाची सुरुवात कशी झाली, हे तुला ठाऊक असायला हवे. इंग्लंडातील ब्रिस्टल येथे १७४२ मध्ये मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या मंडळीवर प्रार्थनागृहाच्या बांधकामाचे कर्ज होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, सुमारे बारा जणांमागे एकाने घरोघर जाऊन ती गोळा करावी, आणि ज्याला देणे शक्य नसेल त्याची भर गोळा करणाऱ्याने स्वतःच्या खिशातून घालावी, असे ठरले. वर्गणीसाठी दारात उभे राहणाऱ्यांना हळूहळू घराच्या आतले दिसू लागले: कुठे नवरा-बायकोचे भांडण, कुठे दारू. तेव्हा वेस्ली यांच्या ध्यानात आले की या फेरीतून पैशांपेक्षा फार मोठी गोष्ट हाती लागली आहे. पुढे ते बारा जण आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागले आणि आपल्या आत्म्याचे कसे चालले आहे, हे क्लास लीडरच्या, म्हणजे वर्गाच्या पुढाऱ्याच्या, साक्षीने एकमेकांना सांगू लागले. बेळगावात लंडन मिशनने १८२० मध्ये सुरू केलेले काम १९०४ मध्ये मेथॉडिस्टांच्या हाती आले. म्हणजे या वारशावर आपलाही हक्क शंभर वर्षांहून जुना आहे. तो केवळ वार्षिक अहवालात उरावा, याचे मला वाईट वाटते.

म्हणून माझी तुला एकच विनंती आहे: शिकवण्याआधी प्रश्न विचार आणि विचारल्यावर थांब. लूकच्या चोविसाव्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवर प्रभूने काय केले ते पुन्हा वाच. प्रभूच्या मरणानंतर ते दोघे शिष्य खिन्न होऊन चालले आहेत, सोबत आलेल्या त्याला त्यांनी ओळखलेले नाही, आणि ज्याला सर्व काही ठाऊक आहे तो त्यांना विचारतो की तुम्ही चालता चालता कशाविषयी बोलत आहात. त्यांनी उलट प्रश्न केला तरी तो पुन्हा विचारतो, "कोणत्या गोष्टी?" त्यांचे दुःख, त्यांची मोडलेली आशा, तो जिवंत असल्याच्या, स्त्रियांनी आणलेल्या बातमीवर न बसलेला त्यांचा विश्वास, हे सारे बोलून झाल्यावरच तो मोशे आणि संदेष्टे यांच्यापासून उलगडा करू लागतो; आणि इतके करूनही त्यांचे डोळे उघडतात ते घरी, भाकर मोडताना.

भाकरीवरून एका बुधवारची गोष्ट सांगते, कारण वर्ग म्हणजे काय हे मला त्या संध्याकाळी नीट कळले. प्रभूची प्रार्थना अभ्यासाला होती आणि मी "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" या एका ओळीवर थांबले. आपल्याकडच्या बऱ्याच घरांतल्या सुना कन्नड शाळेत शिकलेल्या असतात, म्हणून मी एकीला कन्नड सत्यवेदातून, म्हणजे बायबलातून, तीच ओळ वाचायला सांगितली. तिने "अनुदिनद आहार" असे वाचले. मराठीत भाकर आणि कन्नडमध्ये आहार. आपल्या भाकरीला चुलीचा वास आहे, तर त्यांच्या आहारात भात, नाचणीच्या पिठाचे गोळे (मुद्दे), दूध असे सगळेच मावते, यावर बराच वेळ छान बोलणे झाले. मग मी मूळ ग्रीक शब्दाविषयी सांगितले. आपण ज्याचे भाषांतर "रोजची" असे करतो, तो शब्द नव्या करारात या प्रार्थनेखेरीज दुसरीकडे आढळत नाही, आणि ओरिगेनसारख्या प्राचीन ग्रीकभाषी विद्वानालाही तो लोकांच्या बोलण्यात सापडला नव्हता. त्याचा अर्थ आजच्यापुरती, उद्याची किंवा जगण्यास आवश्यक, असा तिन्ही प्रकारे लावला जातो.

एवढे सांगून मी विचारले, "या आठवड्यात भाकरीची काळजी तुम्हांला कोणत्या दिवशी वाटली?" बराच वेळ कुणी बोलले नाही. मग मागावर काम करणारी एक बाई म्हणाली की पगार शनिवारी होतो आणि गुरुवारी पिठाचा डबा वाजू लागतो. पण मागच्या गुरुवारी शेजारीण वाटी घेऊन दारात आली, तेव्हा उरलेल्यातले अर्धे तिला देताना आपण रोज "मला दे" असे म्हणत नसून "आम्हांला दे" असे म्हणतो, हे तिला प्रथमच जाणवले. त्यावर एका वृद्ध गृहस्थांनी विचारले की मग उद्यासाठी साठवणे हे पाप आहे काय. त्यांच्या प्रश्नासाठी मी निर्गमाचा सोळावा अध्याय उघडला, देवाने रानात इस्राएलांना रोज दिलेल्या अन्नात, म्हणजे मान्न्यात, तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवल्यावर किडे पडल्याचे वाचले, आणि शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा केलेला तोच मान्ना मात्र नासला नाही, हेही वाचले. तुझ्या आराखड्यात निर्गम दुसऱ्या बुधवारी आहे. त्या दिवशी तो प्रश्नाच्या मागोमाग आला, आणि बारा वर्षे झाली तरी त्या वर्गातल्या माणसांना तो अध्याय आठवतो.

माझ्या हातून झालेली एक चूकही तुला सांगायला हवी. वर्गात एक गृहस्थ नेमाने येत असत. त्यांचा तरुण मुलगा अपघातात गेला. महिन्याभराने ते पुन्हा आले आणि देवाने असे का होऊ दिले, असे त्यांनी सरळ विचारले. मी रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढला आणि सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे पंधरा मिनिटे समजावत राहिले. ते ऐकून घेऊन उठले, आणि पुन्हा वर्गाला आले नाहीत. वचन खरे होते. माझी वेळ चुकली होती. मुले आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले व एक शब्दही बोलले नाहीत, तोवर त्यांचे सारे बरोबर चालले होते. त्या संध्याकाळी मी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र हळू आवाजात वाचून थांबले असते तर बरे झाले असते. त्या स्तोत्राचा शेवट अंधारातच होतो, आणि तरीही ती प्रार्थना आहे. असा प्रश्न तुझ्यासमोर येईल तेव्हा उत्तराची घाई करू नकोस. दुसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन बस.

शंकांना भिऊ नकोस. मराठीतले ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी १८३१ मध्ये आपल्या बेळगावातच जन्मले, मिशनच्या शाळांत शिकले, आणि बाप्तिस्मा त्यांनी १८५४ मध्ये घेतला. मध्ये वाचन, वाद आणि मनाची ओढाताण यांत वर्षे गेली. प्रौढ माणसाचा विश्वास पुष्कळदा अशाच वाटेने येतो, आणि शंका बोलून दाखवणारा माणूस अजून वाटेवर आहे, असे समजावे.

बाकीचे थोडक्यात लिहिते. बुधवारचा शास्त्रभाग गुरुवारीच वाचायला घे आणि आठवडाभर तोच वाच. तुझ्या स्वतःच्या प्रार्थनेत जो भाग उतरलेला नाही, तो वर्गात कोरडा पडतो. ज्यांना देवनागरी अडखळत वाचावी लागते त्यांना कन्नडमधून वाचू दे. योहानाच्या पहिल्या ओळीत आपण "शब्द" म्हणतो तिथे कन्नडमध्ये "वाक्य" आहे, आणि असे दोन शब्द शेजारी ठेवले की दोन्ही भाषांचे लोक अधिक लक्ष देऊन ऐकतात. पाट्या मराठीत की कन्नडमध्ये, हे वाद दाराबाहेर राहू देत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्र आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली, हे लक्षात ठेवून तुझी भाषा सोपी ठेव. सुरुवातीला ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे एखादे भजन होऊ दे, कारण दिवसभर गप्प राहून काम केलेल्या माणसाचा कंठ गाण्याने मोकळा होतो. वर्गात बोललेले वर्गातच राहील, हे पहिल्याच दिवशी सर्वांकडून कबूल करून घे आणि स्वतः कसोशीने पाळ. पाळकसाहेबांनाही संबंधिताच्या परवानगीशिवाय काही सांगू नकोस. वेळ एका तासाची ठेव, कारण शेवटची बस चुकली की त्या बायका पुढच्या बुधवारी येत नाहीत.

आराखडा फाडू नकोस; बारापैकी चार भाग निवड आणि प्रत्येकाला तीन बुधवार दे. मोठ्या टाइपाचे दोन नवे करार माझ्याकडे आहेत, ते रविवारी उपासनेनंतर घेऊन जा. पहिल्या वर्गाला मी येईन, पण मागच्या बाकावर बसेन. मला प्रार्थना करायला सांगू नकोस, ती त्या आजींना सांग.

तुझी,
बाई